चपलांचं सांग

सुमनकाकू स्टेजवर कधी बसत नसत. काका हार घालून वर बसायचे आणि काकू खाली पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. म्हणजे बोलणारी मुलगी अडली की तिला आठवण करून देता येई. "बाळ, वडील वारले ते राहिलं," असं त्या हळूच म्हणत. मुलगी ते सांगे आणि वर वसंतकाका डोळे पुसत.

दोघं मूळचे पुण्याचे. हैदराबादेत काकांचा औषधांचा मोठा धंदा, मूलबाळ नाही. आमच्यासारख्या मराठी मुलींची फी ते भरत. काचीगुड्याला त्यांनी दवाखाना काढला होता, तिथं ऑपरेशनपर्यंत सगळं फुकट. दानत खरी होती, त्यात मी खोट काढणार नाही. फक्त त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला प्रत्येक मुलीनं स्टेजवर येऊन आपली गरिबी सांगायची, असा रिवाज होता. काकूंचं म्हणणं ठरलेलं: "ऐकल्याशिवाय लोकांचा हात खिशात जात नाही गं." आणि तो जायचाही.

माझी पाळी आली तेव्हा मी नववीत होते. आम्ही नांदेडकडचे, वडील नव्हते, आई आबिड्सच्या एका ऑफिसात झाडलोट करी. कार्यक्रमासाठी तिनं मला गौलीगुड्यातून नव्या चपला आणल्या, बक्कलवाल्या. स्टेजच्या पायरीशी काकूंनी त्या पाहिल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "या इथंच काढून ठेव. आणि चपलांचं सांग बाळ, नव्हत्या म्हणून."

मी सांगितलं. शाळेत अनवाणी जायचे, पाय पोळायचे, असं सगळं. टाळ्या पडल्या. आई मागच्या रांगेत बसली होती. तिनं मला एक दिवसही अनवाणी पाठवलं नव्हतं. घरी येताना ती बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली, आणि पुन्हा कधी कार्यक्रमाला आली नाही. मला मात्र दरवर्षी तेच सांगावं लागलं, कारण ते चांगलं वठलं होतं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आईच्या पोटात गाठ निघाली. काकूंनी स्वतः फोन केला, त्यांच्या दवाखान्यात पलंग राखून ठेवला. आई जागची हलेना. मी हातापाया पडले.

"नक्को गं," ती म्हणाली. "तिथं बरी झाले तर मलाही वर उभं करतील. आणिक काय काय नव्हतं म्हणून सांगू?"

ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथं नंबर लागेपर्यंत गाठ पसरली होती.

आई गेल्यावर काकू घरी आल्या, मला छातीशी धरून रडल्या. म्हणाल्या, तुझी आई हट्टी होती गं, पलंग रिकामा ठेवला होता मी तिच्यासाठी. तेही खरंच होतं. त्या दुष्ट असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांचा राग अजून येतो, आणि धड येतही नाही.

गेल्या वर्षी काकू गेल्या. शोकसभेत बोलायला काकांनी मला बोलावलं. ते खाली, काकूंच्या कडेच्या खुर्चीवर बसले होते, पार वाळून गेलेले. मी माइकसमोर उभी राहिले आणि मला शब्द फुटेना. तेव्हा खालून हळूच आवाज आला, "बाळ, चपलांचं सांग."

मी सांगितलं. "चपला होत्या. माझ्या आईनं गौलीगुड्यातून आणल्या होत्या. मी कधीच अनवाणी शाळेत गेले नाही."

चपलांचं आलं की पुसायचे तसेच काका डोळे पुसत होते. मी खाली उतरले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"छान सांगितलंस," ते म्हणाले. "नेहमीसारखं."