ज्याचं मशीन त्याचा नारळ

झालं गेलं विसरून जा, असं मला सांगणारे पुष्कळ भेटले. दहा वर्षं मशीन चालवून त्यातल्या एकालाही कुणी ‘हेल्पर’ म्हणून लिहून दिलेलं नव्हतं.

बेळगावजवळ मच्छे गावातल्या एका कारखान्यात मी सीएनसी सेटर होतो, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन जुळवून चालवणारा. लागलो तेव्हा हेल्परच होतो, ते खरं. दोन वर्षांत मशीन माझ्या हाती आलं, पण मस्टरवरची ओळ मालकांनी बदलली नाही. हेल्पर स्वस्तात पडतो.

मग ऑस्ट्रेलियात कुशल कामगार म्हणून कायमचं राहायला मिळावं, यासाठी मी अर्ज करायला घेतला. तिकडे अर्जाला गुण देतात; चाळिशी ओलांडली की त्यातले वयाचे गुण कमी होतात आणि माझ्या चाळिशीला पाचच महिने उरले होते. बाकी सगळं जमलं होतं. फक्त मालकांचं अनुभवाचं पत्र हवं होतं.

मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. त्यांनी पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, बारा वर्षं हेल्पर.

“अण्णा, मशीन तर मीच चालवतोय की.”

“व्हय. पण मस्टरवर काय हाय? मग मी खोटं कसं लिवू रं?” ते हसले. “आन् तू गेलास तर माझं मशीन कोण बघणार? चहा पी आन् कामाला लाग.”

मी चहा प्यायलो. कामालाही लागलो. पण त्या हसण्याचा राग आजही तितकाच ताजा आहे, आणि मी तो मुद्दाम ताजा ठेवला आहे.

घरी वडगावात बायकोनं पत्र वाचलं आणि ती माझ्या फोनमधले जुने फोटो चाळत बसली. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला मशीनची पूजा असते. मशीन पुसायचं, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू वाहायचं आणि नारळ फोडायचा. ज्याचं मशीन, त्यानंच नारळ फोडायचा. हेल्परनं शेजारी ताट धरून उभं राहायचं. अण्णांच्या वडिलांनी घालून दिलेला हा नियम अण्णांनी कधी मोडला नाही. त्यांना फोटोची मोठी हौस. दरवर्षी ते आमचे फोटो काढून गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकायचे, त्यात आम्ही कामगारही होतो, आणि खाली प्रत्येकाचं नाव नि काम लिहायचे.

“अवो, हे बघा की,” बायको म्हणाली. “नारळ तुमच्या हातात हाय, ताट दुसऱ्याच्या. आन् खाली अण्णांनी काय लिवलंय ते वाचा.”

‘आमचे मुख्य सेटर.’ एक नव्हे, नऊ वर्षांचे फोटो होते.

अर्जदारांचं कौशल्य तपासणाऱ्या तिकडच्या संस्थेला मी सगळे फोटो पाठवले. सोबत अण्णांचं पत्रही मुद्दाम जोडलं, म्हणजे अण्णांच्याच फोटोंनी अण्णांच्या पत्राला खोटं पाडावं. त्यांच्या तपासनिसानं व्हिडिओवर दोन तास मशीनबद्दल खोदून खोदून विचारलं. माझं एकही उत्तर चुकलं नाही. वाढदिवसाच्या आधी व्हिसासाठी अर्ज करायचं निमंत्रण आलं, आणि काही महिन्यांनी मंजुरीही.

निघताना मी अण्णांना कुंदा नेऊन दिला आणि त्यांच्या पाया पडलो. लोकांना वाटलं, केवढा गुणी माणूस. अण्णांचा चेहरा पडलेला मला जवळून बघायचा होता, एवढंच.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. मी इथं ऑस्ट्रेलियातल्या कारखान्यात दुपारचा डबा उघडून बसलो होतो.

“अरं, त्या हायड्रॉलिक ब्लॉकचं सेटिंग काय बसंना झालंय. दोनदा सगळा माल परत आला. गिऱ्हाईक तुटायची येळ आली बघ. तू काय करत होतास तेवढं सांग की रं.”

“मला कसं म्हाईत, अण्णा? मी तर हेल्पर.”



“चुकलं रं माझं,” अण्णा म्हणाले. आवाज म्हातारा झाला होता.

ब्लॉक धरणारा मशीनचा जबडा किती आवळायचा, दुसऱ्या भोकाआधी टूल कुठं थांबवायचं, सगळं मला तोंडपाठ होतं. सांगायला दोन मिनिटं पुरली असती.

“ठेवतो अण्णा,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी डब्यातली शेवटची भाकरीसुद्धा चवीनं खाल्ली.