भोंगा वाजला की आत की बाहेर

भोंगा वाजला की आत जायचं, हे मला कधी शिकवलं ते आठवत नाही. बहुतेक चालायला यायच्या आधीच शिकवलं असावं. माझं लहानपण समुद्राकाठच्या एका अणुवीज केंद्राच्या वसाहतीत गेलं. वडील केंद्रात कामाला होते. ठरलेल्या दिवशी सकाळी चाचणीचा भोंगा व्हायचा. शाळेत आम्हाला पाठ करून घेतलं होतं: बाहेर असाल तर जवळच्या घरात शिरा, दारं-खिडक्या लावा, पंखा बंद करा, अन्न झाका आणि सांगितल्याशिवाय बाहेर पडू नका. चाचणीच्या दिवशी एवढं सगळं कुणी करत नसे. माझी आई मात्र करायची. हातातलं काम टाकून ती खिडक्यांकडे धावायची, दुधाचं पातेलं झाकायची आणि मला जवळ ओढून पलंगावर बसायची.

एकदा मी तिला विचारलं, "आपण आत आलो, पण बाबा कुठे जाणार? ते तर तिथेच आहेत."

"त्यांचं वेगळं असतं," आई म्हणाली.

काय वेगळं असतं ते तिने सांगितलं नाही. तिलाही ते ठाऊक नसावं, असं मला आता वाटतं. वडील संध्याकाळी रिकामा डबा हलवत यायचे, आई दार उघडायची आणि चहा टाकायची. मग ती खिडक्या उघडायची. चाचणी सकाळीच संपलेली असायची, तरी आमच्या खिडक्या वडील आल्यावरच उघडत.

लग्न करून मी कृष्णाकाठी आले, सांगली जिल्ह्यात. नवरा फौजेत. वर्षातले दहा महिने घरात बाईमाणसंच, म्हणजे मी आणि सासूबाई. इकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. आल्या-आल्याच साखर कारखान्याचा पाळी बदलायचा भोंगा झाला आणि मी उठून घरातल्या सगळ्या खिडक्या धडाधड लावल्या. चुलीवर भाकरी होती. घर धुराने भरलं. आत्या डोळे पुसत बाहेरच्या खोलीत आल्या.

"काय झालं गं? मांजार शिरलं का?"

मी त्यांना वसाहतीतलं सगळं सांगितलं. त्यांनी पदर नाकाला लावून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आन् संकट आलं की आत जायचं?" त्या म्हणाल्या. "आत जाऊन काय मरायचं?"

त्यांचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, कोयनानगरच्या अंगाला डोंगरात. तिथे भूकंपाचे हादरे नेहमीचे. मांडणीवरची भांडी वाजली की लेकरू काखेत मारायचं आणि अंगणात यायचं, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. "आत ऱ्हायली ती मानसं मातीत गेली," त्या म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. माझंही खोटं नव्हतं. रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला. "एकीला आत जायचंय, एकीला भाईर. मंग दोघी उंबऱ्यावर हुभ्या ऱ्हावा की," म्हणाला. फौजी माणसाला सगळ्यावर तोडगा सापडतो, घरी राहायचं नसलं की.

पुढे मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली आणि गावात नवीन भोंगा आला. मोबाइलपायी पोरं पुस्तक उघडीनात, म्हणून गावाने ठराव केला. रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजणार, की घराघरातला टीव्ही बंद, फोन बंद, पोरं अभ्यासाला. आजूबाजूच्या गावांनी नावं ठेवली आणि मग आमचंच बघून स्वतःचे भोंगे बसवले. मला ही पद्धत मनापासून आवडली. फक्त सात वाजले की माझे हात खिडकीकडे जायचे. मी ते पदराला पुसायची आणि मुलीजवळ बसायची.

आत्यांना ती अजिबात आवडली नाही. त्यांची मालिका सातचीच. "माजी काय परीक्षा हाय व्हय?" म्हणून पहिले काही दिवस त्या धुसफुसल्या. पण नियम मोडायचा म्हटलं तर तेही जमेना. त्यांचं आयुष्य भोंग्यावर गेलेलं. कारखान्याच्या भोंग्याला भात टाकायचा, भोंग्याला पाणी तापवायचं. भिंतीवरच्या घड्याळाला त्या कधी मान वर करून बघत नसत. "घड्याळाचा सेल जातो, भोंग्याचा जात न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी आपला मार्ग काढला. सातचा भोंगा झाला की टीव्ही बंद करायचा, फोन बंद करून देव्हाऱ्याजवळ ठेवायचा, किटली घ्यायची आणि मळीतल्या गोठ्यात जायचं. नदीकाठच्या रानाला इकडे मळी म्हणतात. आमच्या दोन म्हशी तिथे असायच्या. म्हशींनीही कुरकुर न करता धारेची वेळ बदलून घेतली. त्यामुळे आमच्या घरात भोंग्याचा अर्थ असा झाला: नात पुस्तकाकडे, सून नातीकडे आणि सासू नदीकडे.

पावसाळ्याच्या तोंडावर पंचायतीने सांगितलं होतं की पुराचं काही असेल तर हाच भोंगा तीनदा वाजेल. ते सगळ्यांनी ऐकलं होतं. ऐकून सगळे घरी गेले होते आणि रोज सातला टीव्ही बंद करत होते.

त्या दिवशी सकाळपासून ऊन असं पडलंच नव्हतं. दुपारीसुद्धा घरात दिवा लावावा लागला. वरून कोयनेचं पाणी सोडल्याचं कानावर होतं, पण ते दरवर्षीच असतं, आणि नदी सकाळी पात्रातच होती. शाळेला सुट्टी होती. मी शेंगा फोडत बसले होते, आत्या टीव्हीसमोर होत्या. आणि भोंगा झाला.

"सात वाजलं बी?" आत्या म्हणाल्या. टीव्ही बंद, फोन देव्हाऱ्याजवळ. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतली, किटली उचलली आणि त्या गेल्या. मीही माझा फोन बंद करून कपाटात ठेवला. शेजारचा टीव्ही थांबला, त्याच्या पलीकडचाही. मुलीने पुस्तक काढलं. पुन्हा भोंगा झाला.

शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून म्हणाल्या, "लाईट आली-गेली आसंल."

तेही पटण्यासारखं होतं. लाईट दिवसभर तेच करत होती. मग तिसऱ्यांदा भोंगा झाला आणि मी उठून खिडकी लावली.

का लावली ते मला आजही सांगता येणार नाही. हात गेले. कडी धरून मी तशीच उभी राहिले. भिंतीवर साडेपाच वाजले होते. मला आधी वाटलं घड्याळ बंद पडलंय, म्हणजे आत्यांचंच खरं. पण सेकंदाचा काटा फिरत होता. तीनदा म्हणजे काय, हे मला माहीत होतं आणि तरी आठवेना. डोक्यात नुसता गोंधळ. आत जायचं, बाहेर पळायचं, की पोरीचा पाढा घ्यायचा? एकाच आवाजाने तीन कामं सांगितली होती आणि मी त्यातलं नेमकं उलटं करून बसले होते.

"आई, आज अंधार लवकर पडला का?" मुलीने विचारलं.

मी कपाटातून फोन काढून चालू केला. त्याला जागं व्हायला एवढा वेळ लागतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. गावाच्या ग्रुपवर निरोप येऊन पडला होता: ओढ्यात नदीचा फुगवटा चढतोय, मळीतली माणसं-जनावरं ताबडतोब वर काढा. अख्ख्या गावाला पाठवलेला निरोप, आणि अख्ख्या गावाचे फोन शहाण्या मुलांसारखे बंद. मी आत्यांचा नंबर लावला. तोही बंद लागणार हे समोर देव्हाऱ्याजवळ दिसत असताना लावला.

त्या वेळी मी भयंकर घाबरले. खिडकी लावलेली, पोरगी आत, मी आत, आणि घरातलं एक माणूस बाहेर, नेमकं जिथे नसावं तिथे. "त्यांचं वेगळं असतं" म्हणून भागणार नव्हतं.

मुलीला वहिनींच्या हाती दिलं. "हा अभ्यासाचा नाही," मी म्हटलं. "मंग कसला?" त्या म्हणाल्या, आणि विचारता विचारताच त्यांचा चेहरा बदलला. त्या दारोदार ओरडत गेल्या, मी मळीकडे पळाले.

ओढ्यावर फरशी आहे, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल. तिच्यावरून पाणी नुकतंच वाहायला लागलं होतं. पाऊल बुडेल एवढंच, पण उलट्या बाजूने, नदीकडून गावाकडे. उलटं वाहणारं पाणी मी पहिल्यांदाच बघत होते. पलीकडे गोठ्यात आत्या धार काढत होत्या.

"आत्या, चला. सोडा म्हशी."

"का गं? भोंगा आत्ताच झाला की."

"तो सातचा नव्हता."

"मंग कवाचा?"

"पुराचा होता. अजून सहासुद्धा वाजले नाहीत."

त्यांनी म्हशीच्या पोटाला टेकलेलं डोकं उचललं. "म्हंजी सात वाजलंच न्हाईत?" त्या म्हणाल्या. "आन् मी टीव्ही बंद करून आले?"

मला रडू येत होतं आणि मी त्यांच्यावर ओरडले. फोन बरोबर ठेवता येत नाही का, नात लहान, मुलगा सीमेवर, आणि तुम्ही इथे. त्या म्हणाल्या, "नियम म्हंजी नियम. तूच म्हनत हुतीस." मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. साडी घोट्यापर्यंत भिजलेली होती. आणि त्यांनी दावी सोडली. धारेची किटली तिथेच राहिली.

परतताना फरशीवर गुडघाभर पाणी होतं. म्हशी पुढे गेल्या, त्यांना ते काही नवीन नव्हतं. आत्यांनी एका हातात म्हशीची शेपटी आणि दुसऱ्या हातात माझं मनगट धरलं होतं. मी त्यांना आणायला गेले होते, पण कोण कुणाला आणत होतं हे मधल्या दहा पावलांत मला कळलं नाही.

गावाच्या वरच्या अंगाला शाळा आहे. अंधार पडेपर्यंत खालची सगळी घरं तिथे आली. जनावरं मैदानात, माणसं वर्गात. वहिनी माझ्या मुलीला घेऊन आधीच पोचल्या होत्या. पोरगीने दप्तर आणलं होतं, कपडे नव्हते आणले.

आणि सात वाजता भोंगा झाला. ते यंत्र वेळ लावून ठेवलेलं असतं, सात वाजले की आपोआप वाजतं. ते बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वर्गातली सगळी माणसं उभी राहिली. कुणी गाठोडं उचललं, कुणी पोरं मोजायला लागलं, आणि कोपऱ्यातला एक म्हातारा खिशातून फोन काढून घाईघाईने बंद करायला लागला. "हा कंचा?" कुणीतरी विचारलं. माझ्या मुलीने पुस्तक उघडलं.

माझे हात वर्गाच्या खिडकीवर होते. ते कधी गेले कळलं नाही. मी वळून आत्यांकडे पाहिलं, आता या सगळ्यांसमोर मला हसणार म्हणून. त्या पहिल्या बाकावर ओली साडी आवळून बसल्या होत्या, नातीच्या खांद्यावर हात ठेवून. त्यांनी वर्गावरून एकदा नजर फिरवली.

"लाव गं," त्या म्हणाल्या. "आपलं कुनी भाईर न्हाई आता."