देवीपुढची पासवर्डची वही

आमच्या बियाणं कंपनीत एके काळी सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता. रोज पान फाडायच्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर तो पेन्सिलीनं लिहिलेला असे. पापनाशमहून बसनं येणारी टायपिस्टही तोच वापरायची आणि मालकही तोच. संगणकाचं शिक्षण घेऊन मी तिथं नोकरीला लागले तेव्हा तो पुठ्ठा बघून कपाळावर हात मारला होता. आता मात्र त्या पुठ्ठ्याची आठवण येते. फार येते.

भाताच्या चाचण्यांच्या नोंदी ज्यांच्याकडे होत्या, त्यांना मी मामा म्हणत असे. नातं काही नव्हतं. ऑफिसात बाकी सगळे तमिळ, मराठी बोलणारे आम्ही दोघंच, एवढंच. कोणतं वाण कुठल्या वाफ्यात पेरलं, पाण्यात किती दिवस तगलं, हे सगळं त्यांनी तीस वर्षं लिहून ठेवलं होतं. कंपनीची खरी दौलत तीच.

मी प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला, बंद पाकिटात. चाचणीच्या नोंदी मामा, मालक आणि मी, तिघांनाच उघडतील असं केलं. कोणी ऑफिसाबाहेरून आत येऊ पाहिलं तर ज्याचा पासवर्ड, त्याच्या मोबाइलवर विचारणा जाई, त्यानं होकार दिल्यावरच दार उघडे. दुसऱ्याच्या नावानं कोणी एक अक्षरही लिहायचं नाही, हा नियम मी चांगला आवाज चढवून सांगितला. मामा म्हणाले, "सरी पोरी, बरें. तूं सांगशील तसें."

मग आयुधपूजा आली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याचं जे हत्यार ते देवीपुढं ठेवतात, आणि विजयादशमीपर्यंत त्याला हात लावत नाहीत. सुताराची करवत, ड्रायव्हरची किल्ली. मामांनी विचार केला, आता आपलं हत्यार म्हणजे पासवर्ड. त्यांनी सगळ्यांची पाकिटं मागून घेतली, कोऱ्या वहीत सुवाच्य अक्षरात सगळे पासवर्ड उतरवले, चंदन-कुंकू लावलं आणि वही उघडीच देवीपुढं ठेवली. पुढं चुरमुरे, शेजारी सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ. मालकांनी हौसेनं फोटो काढला आणि बियाणं विकणाऱ्या सगळ्या दुकानदारांच्या ग्रुपवर टाकला.

मी तो दुपारी चार वाजता पाहिला. फोटो मोठा केला तर प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. माझा राग अगदी मस्तकात गेला. मी कळवताच मालक फोनवर म्हणाले, "म्हाताऱ्याचा प्रवेश बंद कर. कायमचा." फोटो तुम्हीच टाकलात, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी गिळलं. सगळ्यांचे पासवर्ड बदलले आणि मामांचं नाव बंद करून टाकलं. आधी कोण आत आलं-गेलं ती नोंद तपासायची, मग कुलूप लावायचं, हे मीच सगळ्यांना शिकवत असे. त्या दिवशी मी ते केलं नाही.

विजयादशमीला सकाळी मामा कोरी वेष्टी, म्हणजे पांढरं धोतर, नेसून आले. भाताच्या सांबा हंगामाची पहिली ओळ या दिवशी स्वतःच्या हातानं लिहायची, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. त्यांनी पासवर्ड टाकला. प्रवेश नाही. पुन्हा सावकाश, एका बोटानं टाकला.

"काय गं, माझ्या हातून चूक जाहली का?"

"नाही मामा. मी बंद केलं. मालकांनी सांगितलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवरून उठले आणि मला बसवलं. "मुहूर्त जाईल. तुझ्या नावानं उघड. मी सांगतों, तूं लिही." वाफा, वाण, पेरणीचा दिवस त्यांनी तोंडपाठ सांगितला आणि मी, नियम करणारी, दुसऱ्याचं काम माझ्या नावानं लिहीत गेले.

मग त्यांनी देवीच्या पायाशी ठेवलेला मोबाइल उचलला. हत्यार म्हणून तोही कालपासून तिथंच होता, बंद करून. सुरू करताच एकच विचारणा तीनदा दिसली: तुम्हीच आत येत आहात का? तेव्हा कुठं मी येण्याजाण्याची ती नोंद उघडली. आदल्या दिवशी दुपारी एक वाजता बाहेरच्या कोणीतरी मामांच्या पासवर्डनं तीनदा दार ठोठावलं होतं. होकार द्यायला मोबाइलच जागा नव्हता, म्हणून तो हात हलवत परत गेला.

मी ते मालकांना दाखवलं, आणि या वेळी फोटोचंही सांगितलं. दुपारच्या जेवणाआधी मामांचा प्रवेश परत चालू झाला.

"ती ओळ तुमच्या नावावर करते," मी म्हणाले.

"असूं दे. पुढें तुलाच लिहायचें आहे."

चित्रै महिन्यात, म्हणजे एप्रिलात, ते निवृत्त होणार हे मला ठाऊक होतं, पण ती त्यांची शेवटची विजयादशमी, हा हिशेब तोवर मी केलाच नव्हता. आता ते तिरुवैयारुला मुलीकडे असतात. नोंदींमध्ये तीस विजयादशम्यांपुढं त्यांचं नाव आहे आणि एकतिसावीपुढं माझं. त्या एका सकाळी मी त्यांना दाराबाहेर उभं केलं होतं, हे तिथं कुठंच लिहिलेलं नाही.