जोनच्या खांद्यावरचा हात

ऑगस्ट २०२१, सिडनीचा लॉकडाऊन, टूनगॅबीतलं आमचं मागचं अंगण, दुपारचे चार. हजर माणसं तीन — कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे शेजारची चौऱ्याऐंशी वर्षांची जोन, आणि फोनवर साताऱ्याहून आई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. घडलं तसं लिहितोय.

जोनचे आजोबा विल्यम थॉमस; आडनाव पुढे वेगळं. लहानपणी इंग्लंडमध्ये त्यांना वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयघरात, ठेवलं होतं. जोनला कॅन्सर होता. "बापाने टाकला की नाइलाज होता, एवढंच शोधून दे, मेट," म्हणाली. मी ऑनलाइन चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि जुनी जनगणना चाळत होतो. मधलं नाव थॉमस म्हणजे बाप थॉमस, असं आपल्याकडच्या हिशेबाने धरून चाललो होतो. एक विल्यम थॉमस सापडलाही, पण बाप सॅम्युएल... म्हणून सोडून दिला.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर आईला जोन दाखवली.

"अरे, त्यांच्या मागे उभाय त्याला मास्क लावायला सांग. किती खेटून उभाय! खांदा धरलाय त्यांचा... दिसत नाही वाटतं बिचाऱ्याला."

"कोण? ती एकटीच राहते."

"मग मला काय तुझा काका दिसतोय?"

जोनच्या मागे फक्त कपड्यांची रिकामी दोरी होती. या शोधाबद्दल आईला मी काहीच बोललो नव्हतो.

मी जोनला सगळं सांगितलं, माझा थॉमसचा हिशेबही. ती म्हणाली, "डार्ल, आमच्यात मधलं नाव बापाचं नसतं. कुणाचंही ठेवतात."

मी सोडलेलं कुटुंब पुन्हा काढलं. १८८१ची जनगणना : सॅम्युएल, खिळे बनवणारा, विधुर. मुलगा विल्यम थॉमस, वय नऊ. बापापुढे शेवटच्या रकान्यात — आंधळा.

"नाइलाज होता, जोन."

तिने कुंपण धरलं. मग विचारलं, "कुठला खांदा?"

आईला विचारून सांगितलं, उजवा. जोनने डावा हात उचलून तिथे ठेवला. "वेडा म्हातारा," एवढंच म्हणाली.

पुढच्याच महिन्यात ती हॉस्पिटलमध्ये गेली. जवळ कुणाला सोडत नव्हते. अंत्यविधी आम्ही लॅपटॉपवर पाहिला. आईला फोनवरून दाखवला. ती स्क्रीन निरखत राहिली.

"आज नाही रे तो," म्हणाली.

नेटवर्क, ऊन-सावली, आईचा मोतीबिंदू... सगळं धरून पाहिलं. उत्तर जुळत नाही.