तक्रारी : निरंक

कसबा बावड्यात मेहमुदाभाभीला फॉल-पिकोमुळे सगळ्या बायका ओळखत. महापालिकेच्या शाळेत पालकांची समिती करायची वेळ आली तेव्हा सगळे म्हणाले, "भाभी, तुमी घरातच असताय की, व्हा अध्यक्ष." बाकीच्यांना कामं होती आणि मेहमुदाला जणू मशीन म्हणजे खेळणं! पण तिनं ते पद मनावर घेतलं. तिची सबिना चौथीत होती आणि चौथीला दीड वर्ष शिक्षकच नव्हता. तिसरीच्या बाई दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसवायच्या आणि एकीकडं बोलताना दुसरीकडं पाठ फिरवायच्या. सबिनाला हातच्याची वजाबाकी येत नव्हती.

दर महिन्याच्या बैठकीत मेहमुदा हे उभं राहून सांगायची. मुख्याध्यापक विजयसिंह सर मान डोलवायचे आणि शेवटी वही पुढं करायचे. सातवी शिकलेली बाई ती, वाचल्याशिवाय सही करायची नाही. वहीत असायचं, 'तक्रारी व मागण्या : निरंक.' तिला वाटायचं, निरंक म्हणजे निरखून पाहिल्या. सरांनी दखल घेतली म्हणून ती समाधानानं पूर्ण नाव लिहून सही ठोकायची.

सहा महिने असे गेल्यावर मात्र तिचा धीर सुटला. कारखान्यातून निवृत्त झालेले आकारामआण्णा आणि शेजारची बायडाबाई, दोघंही समितीत आणि दोघांचीही नातवंडं त्याच वर्गात. त्यांना घेऊन ती शिक्षणाच्या कचेरीत गेली.

साहेबांनी फाईल मागवली. "तुमच्या शाळेची तर एकही तक्रार नाही. ही सही तुमचीच ना?"

"व्हय, माझीच. निरखलंय म्हणून लिवलंय की त्यात."

कोपऱ्यातला कारकून फिसकन हसला. साहेबही हसले, पण समजावून सांगितलं त्यांनी. "बाई, निरंक म्हणजे काही नाही. रिकामं."

परतीच्या रिक्षात आण्णांना राहवेना. "सा म्हैनं रिकाम्यावर सही ठोकलीस व्हय गं? आनि अध्यक्ष म्हणं!"

"तुमी तरी काय केलासा? माझ्या खालीच सही हाय की तुमची," बायडाबाईनं आण्णांना गप्प केलं. त्या दुपारी मेहमुदानं एका साडीला फॉल उलट्या बाजूनं लावला आणि सगळा उसवला.

पुढच्या बैठकीला पालक नेहमीपेक्षा जास्त आले. बायडाबाईनं गल्लीत तोंड उघडलं होतं, त्याचा परिणाम. मेहमुदानं वही सरांसमोर आपटली.

"काय ओ सर, 'काय न्हाय' असं सरळ लिवायला काय झालतं?"

सर वरमले. "भाभी, तक्रार लिहिली की वरून चौकशी येते. आपला मुलांचा पट आधीच कमी. चौकशीत शाळा दुसऱ्या शाळेत विलीन केली तर?"

माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. शाळा बुडवायला तेवढं पुरतं.

"मास्तर न्हाय म्हणूनच पोरं सोडून चाललीत," मेहमुदा म्हणाली. "आनि पट वाढणार कसा? मी सांगतो, तुमी लिवा."

सरांनी लिहिलं, 'चौथीसाठी शिक्षकांची कमतरता जाणवते.'

मेहमुदानं वाचलं. "कमतरता कशाची? येक तरी हाय का? खोडा ते."

"मग काय लिहू?"

मेहमुदाचा चेहरा उजळला. "तुमचाच शब्द लिवा की. चौथीचे शिक्षक : निरंक."

वर्गात हशा पिकला. आण्णा सगळ्यात मोठ्यानं हसले आणि पहिली सही त्यांनीच केली. एकतीस सह्या झाल्या. त्या पानाची प्रत मेहमुदानं स्वतः कचेरीत नेली आणि पोच घेतल्याशिवाय हलली नाही. नंतरही दोनदा जाऊन त्या कारकुनासमोर बसून आली. तो आता हसत नव्हता.

तीन आठवड्यांनी क्रांती नावाच्या तरुण बाई शाळेत हजर झाल्या. मात्र आठवड्यातून तीनच दिवस. बाकीचे तीन दिवस त्यांना दुसरी शाळा होती. सबिना पंधरा दिवसांत हातचा घ्यायला शिकली. सरांना हायसं वाटलं. महिन्याच्या बैठकीत त्यांनी आपणहून लिहिलं, 'चौथीस शिक्षक मिळाले,' आणि वही पुढं सरकवली.

मेहमुदानं चष्मा लावून वाचलं आणि पेन उचललं. सरांच्या ओळीखाली तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'सोमवार ते बुधवार मिळाले. गुरुवार ते शनिवार : निरंक.'

मग खाली पूर्ण नाव लिहून सही केली.