जरतर बाई

निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी बाजारात मागून कुणीतरी "जरतर बाई!" म्हणतं आणि बाई खुशीत वळून बघतात. विद्यापीठात त्या पहिल्या वर्षाला डिस्क्रीट मॅथ्स, म्हणजे तर्काचं आणि मोजणीचं गणित, शिकवायच्या. सुरुवातच 'जर हे खरं, तर ते खरं' अशी व्हायची, म्हणून हे नाव पडलं आणि कायमचं चिकटलं. घरी नवराही फिरकी घ्यायचा, "चहा मिळाला तर बाजारात जाईन हं."

"नाही मिळाला तरी जा की," बाई म्हणायच्या, "तर्काची काही हरकत नाही."

पहिल्या तासाला त्या सगळ्या वर्गाला एकमेकांशी हात मिळवायला लावत आणि किती हात मिळवले ते फळ्यावर लिहायला सांगत. मग प्रत्येक माणूस एक ठिपका, प्रत्येक हात मिळवणं एक रेघ, असं त्यातून ठिपके आणि रेघांचं गणित उलगडायचं. एका वर्षी सगळ्यांचे आकडे सारखे आले, फक्त दोन मुलींचा एकेक कमी. बाईंना उलगडायला वेळ लागला नाही, त्या दोघींनीच एकमेकींशी हात मिळवला नव्हता.

तास संपल्यावर त्यांनी दोघींना थांबवलं.

"आम्ही सख्ख्या चुलत बहिणी," एक मान खाली घालून म्हणाली. "घरं बोलत नाहीत."

"भांडण कशावरून?"

दोघींनी पहिल्यांदाच एकमेकींकडे पाहिलं. "नक्की माहीत नाही, बाई."

बाईंना हसू आलं, पण लगेच आत काहीतरी टोचलं. आई गेली तेव्हा तिच्या सेवेवरून ताईशी शब्दाला शब्द वाढला होता, त्याला आता काही वर्षं झाली होती. ताई बोलली तर मी बोलेन, असं बाईंनी धरून ठेवलेलं, आणि पलीकडे ताईनंही तेच. दोघींचा शब्द खरा राहिला आणि तोंडं बंद. आयुष्यभर मुलांना तर्क शिकवणाऱ्या बाईंना हे कळायला दोन कोवळ्या पोरी लागल्या.

त्या रविवारी त्या ताईच्या दारात उभ्या राहिल्या. ताईनं दार उघडलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. "आत ये, उभी काय राहिलीस?"

जुना विषय दोघींनीही काढला नाही.

सहामाहीत त्या दोघी चुलत बहिणींच्या वहीत एकाच उदाहरणात एकसारखीच चूक सापडली. एकीनं दुसरीचं उतरवलं होतं, हे उघड होतं. बाईंनी दोघींचे गुण कापले आणि त्या दिवशी भलत्याच आनंदात घरी आल्या.

पुढे ताईनं एकदा हट्टच धरला. "तू शिकवतेस तरी काय, बघू दे मला." एका दुपारी ती खरोखर आली, मागच्या बाकावर पोरींच्या मधे जाऊन बसली. तिला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. थोड्या वेळानं मागून खुसखुस सुरू झाली. बाई फळ्याकडे तोंड करूनच कडाडल्या, "मागच्या बाकावर काय चाललंय?"

"ही मला तुझी नक्कल करून दाखवतेय!" ताईनं शेजारच्या मुलीकडे बोट दाखवून बिनदिक्कत सांगून टाकलं.

सगळा वर्ग खो खो हसला. बाईंना खडू खाली ठेवावा लागला. ताई आता नाही. बाईंना मात्र त्या दुपारी आपण काय शिकवत होतो ते काही केल्या आठवत नाही, ताईचं ते पदर तोंडाला लावून हसणं तेवढं आठवतं.