सांता चपला बाहेर काढायचा

सकाळी डबा भरत होते आणि आईचा फोन आला. आई सकाळी फोन करत नाही. "तुझी घाई असते, दुपारी बोलू" हे तिचं ठरलेलं. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसलं तेव्हाच मी हातातली पोळी खाली ठेवली. "स्वाती, समोरचे शिगवण भावजी गेले गं... झोपेतच गेले," ती म्हणाली. मी गॅस बंद केला. गार्गीला, म्हणजे माझ्या दुसरीतल्या मुलीला, घरी सोबत कुणी नव्हतं. म्हणून तिच्या शाळेला दांडी मारून दोघी रिक्षात बसलो आणि मीरा रोडहून भाईंदरला, नवघरला आईच्या बिल्डिंगमध्ये आलो. जिना चढून वर पोचलो तर शिगवणकाकांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि आतून काकींच्या रडण्याचा आवाज. गार्गी पायरीवरच थांबली. त्या ढिगाऱ्यात भिंतीला लागून एक तपकिरी जोडी नीट लावून ठेवलेली होती. अंगठ्याला हिरव्या जाड दोऱ्याचे टाके घातलेली. गार्गीने माझा हात ओढला आणि डोळे मोठ्ठे करून कुजबुजली, "आई, सांता आत आहे?"

काय सांगणार होते मी? एकीकडे डोळ्यांना धार लागलेली आणि दुसरीकडे हसू फुटायला लागलं. कारण पोरीचं काही चुकलं नव्हतं. सांता आतच होता, पांढऱ्या चादरीखाली. मी काहीतरी थाप मारली की सांताने आपल्या जुन्या चपला काकांना दिल्या असतील. तिने मान डोलावली. पण माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला ओळखीची वाटली.

दत्ताराम शिगवण. आम्हा पोरांचे काका. मूळचे गुहागरकडचे. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते, त्यामुळे हातापायांच्या नखांच्या कडा कायम काळ्या. अंगकाठी म्हणाल तर वाळत घातलेल्या शर्टासारखी. दुकानदाराशी, रिक्षावाल्याशी हिंदी बोलायचे, पण ते हिंदी असं की समोरचा मुकाट्याने मराठीवर यायचा. मूलबाळ नव्हतं. वर्षभर कुणाच्या अध्यात ना मध्यात. मात्र शिमग्याला गावी जायचे ते वेगळेच होऊन परत यायचे, कारण गावात संकासुराचं सोंग त्यांच्याकडे होतं. काळा झगा, डोक्यावर उंच टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. घराघरांत जाऊन नाचायचं आणि पोरांची भंबेरी उडवायची! आम्हाला ते सगळं अंगणात करून दाखवतात तसं जिन्यात करून दाखवायचे.

आता असा माणूस सांता कसा झाला? आमच्या तळमजल्यावर रोझी आंटी राहायच्या, माहेर उत्तनच्या कोळीवाड्यातलं. दर नाताळला त्यांचा भाऊ सांताचा ड्रेस घालून आमच्या बिल्डिंगमध्ये फिरायचा. एका वर्षी त्याची होडी वेळेवर परतलीच नाही. आम्ही पोरं संध्याकाळपासून जिन्यात ताटकळत बसलेलो, आणि रोझी आंटी तो लाल ड्रेस हातात घेऊन माझ्या आईला सांगतायत, "माजा भाव अजून दर्यावर हाय, तो काय आज येत न्हाय." काका कारखान्यातून येत होते. सगळं ऐकून म्हणाले, "सोंगच घ्यायचाय ना? आणा हिकडं." हा भाग मला नंतर आईकडून कळला, कारण तेव्हा आम्हाला घरात पिटाळलं होतं. थोड्या वेळाने जिन्यातून घुंगरांचा आवाज आला. दारात सांता उभा! पोटाला उशी, पँट पोटरीपर्यंत, दाढी संकासुराची, बेंबीपर्यंत. आणि एकदम उडी मारून तो असा काही "हो... हो... हो!" ओरडला, की बैल उधळला तरी माणूस इतका ओरडत नाही. माझा धाकटा भाऊ निखिल पलंगाखाली गेला. मग सांताने ताल धरला आणि आमच्या हॉलमध्ये नाचला. शेजारच्या शाहांच्या बांनी, म्हणजे आजींनी, तर त्याच्या कपाळाला कुंकवाचा चांदलो केला आणि हातात नारळ दिला. "पहली बार आया है, खाली हाथ नहीं भेजना," म्हणे.

दुसऱ्या दिवशी उत्तनचा भाऊ सुखरूप आला, पण सांताची नोकरी गेली ती गेलीच. पोरांनी ठणकावून सांगितलं, आम्हाला नाचणाराच हवा. या नाचणाऱ्या सांताकडे एकच उत्तर तयार असायचं. "सांता, तू कुठे राहतोस?" असं विचारलं की दाढीतून आवाज यायचा, "गुहागरच्या म्होरं." झालं! माझी पक्की समजूत की उत्तर ध्रुव गुहागरच्या पुढे आहे आणि तिथे एसटी जाते. शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा मी हात वर करून तसंच सांगितलं. सगळा वर्ग हसला. मी मात्र ठाम होते, आणि त्या हसणाऱ्या पोरांची मला मनापासून कीव आली होती.

मी चौथीत असतानाची गोष्ट. सांता आमच्या घरात नाचत होता. मला वाटलं, त्याचं पोतं बाहेर असेल, बघावं आपल्यासाठी काय आणलंय. बाहेर गेले तर पोतं नव्हतंच. होत्या फक्त चपला, अंगठ्याला हिरव्या दोऱ्याचे टाके. तो दोरा मासेमारीच्या जाळ्याचा. रोझी आंटींच्या भावाने काकांना त्याची गुंडी दिली होती, आणि काका नवी चप्पल आणली की पायात घालायच्या आधी तिला ते टाके घालायचे. "हा टाका चपलीपेक्षा जास्त जगतो," म्हणायचे. ती जोडी मी रोज येता-जाता समोरच्या दाराशी बघत होते. मी चपलांकडे बघितलं, आत नाचणाऱ्या त्या काळ्या नखांच्या पायांकडे बघितलं, आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली. रडू नाही आलं, संताप आला. संतापाच्या बाबतीत मी लहानपणापासून स्वयंपूर्ण आहे. कार्यक्रम संपल्यावर ते गच्चीवर उशी सोडत होते, तिथे जाऊन मी त्यांच्यावर ओरडले, "तुम्ही खोटारडे आहात!"

त्यांनी नाही म्हटलं नाही, की काही बनवाबनवी केली नाही. शांतपणे विचारलं, "कशावरनं वळखलंस?" मी म्हटलं, "चपला." काकांनी कपाळावर हात मारला. "आयला! दाढी लावली, प्वाट लावलं, नि पाय इसरलो." आणि असे खदाखदा हसायला लागले की माझा राग कुठे ठेवू तेच मला कळेना. मग जवळ बसवून म्हणाले, "बाय माजे, आता तुला कळलाय. म्हणजे तू आता बघणाऱ्यातली नाय, सोंग घेणाऱ्यातली झालीस. निखिल किती बारका हाय, त्याला कळता नये. पुढच्या साली मी घरात शिरलो की तू चपला उचलायच्या नि लपवायच्या. जमल?" मला जमणार होतं. एका मिनिटापूर्वी माझा सांता गेला होता आणि आता माझ्या हाताखाली आला होता. गच्चीवरून खाली उतरताना मी निखिलकडे जे काही बघितलं असेल, ते मोठ्या माणसांनीच बघावं तसं होतं.

लोक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, बूट घालायचे ना सांताला! प्रयत्न केला होता. रोझी आंटींनी काळे गमबूट आणून दिले होते. काका म्हणाले, "लोकांच्या घरात द्येवघर असतं, तिथं बुटं घालून शिरू?" आईने सुचवलं, मग अनवाणीच फिरा. त्यावर तर ते भडकलेच, "सांता काय भिकारी हाय?" म्हणजे चपला घालणारच, प्रत्येक दाराशी काढणारच, आणि कुणीतरी त्या लपवणारच. मी त्या मीटरच्या पेटीमागे लपवल्या, बांच्या तुळशीच्या कुंडीमागे लपवल्या, एकदा तर इतक्या झकास लपवल्या की मलाच सापडेनात आणि सांता चडफडत अनवाणी घरी गेला. माझ्यानंतर ते काम निखिलकडे गेलं, मग वरच्या कुणालकडे. बिल्डिंगमधल्या एकाही पोराचा सांता रडत गेला नाही. ज्याला कळायचं त्याला काका गच्चीवर न्यायचे, आणि तो खाली यायचा तो मंत्रिमंडळात एखादं खातं मिळाल्यासारखा.

लग्न होऊन मी मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कला आले, पण नाताळची संध्याकाळ नवघरलाच. गार्गी जिन्यात बसून कठड्यातून बघायची, सांता खालून कसा चढतो, चपला कशा काढतो. ती एरवी तिथे राहत नसल्यामुळे त्या चपला कुणाच्या हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. एकदा मॉलमध्ये एक गुबगुबीत सांता फोटो काढून घेत होता. मी म्हटलं, जा, उभी राहा. ही बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हा खोटा आहे. खरा सांता बूट घालून आत येत नाही." मी हे काकांना फोनवर सांगितलं तेव्हा ते इतके हसले की काकींना पाणी आणून द्यावं लागलं.

दिवाळीत भेटले ती शेवटची भेट. खोकल्याने पार खंगले होते, तरी खुर्चीतून म्हणतात कसे, "यंदा दोन उशा लागतील." मग म्हणाले, "नायतर यंदा तू घे सोंग." मी उडालेच. "मी? बाई सांता?" तर म्हणाले, "आमच्या नमनाच्या खेळात गवळणी कोण होतात? बापयेच ना? मग बापयाचा सोंग बाईनं घेतला तर काय बिघाडला?" मी म्हटलं, "काहीतरीच काय काका, बरे व्हाल तुम्ही." त्यांनी चिवड्याची बशी माझ्यापुढे सरकवली. आजही तो विषय मी असा उडवून लावला याचं काही वाटत नाही मला. त्या दिवशी त्या घरात चिवडा खात, हसत बसणंच बरोबर होतं.

तेरावं झालं, डिसेंबर उजाडला आणि बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली. यंदा नको, बरं दिसत नाही, असं बहुतेकांचं म्हणणं. मलाही खरं तर तेच हवं होतं, कारण मला वेगळीच भीती होती. गार्गीने त्या चपला बघितल्या होत्या. यंदा सांता आला नाही तर तिला दोन आणि दोन चार कळणार. आला आणि तिने ओळखला, तरी कळणार. आणि तिला गच्चीवर नेऊन खदाखदा हसणारं माणूस आता नव्हतं. माझ्याच्याने ते झालं नसतं, मी रडले असते. पण काकींनी सगळ्यांचं तोंड बंद केलं. लाल ड्रेसची पिशवी माझ्या हातात दिली, वर त्या चपला ठेवल्या, आणि म्हणाल्या, "सोंग थांबवायचं नसतं गो. पोरं वाट बघत्यात." डोळे त्यांचे कोरडे होते. माझेच नव्हते.

गार्गीला आईकडे सोडलं, ऑफिसात काम आहे अशी थाप मारली आणि काकींच्या घरात जाऊन तयार झाले. दोन उशा, बेंबीपर्यंत दाढी, घुंगरू. पायात त्या ढगळ चपला, प्रत्येक पायरीला फटक फटक. शाहांकडे आता बा नाहीत, पण सुनेने चांदलो केला. मग आईचं दार. चपला बाहेर काढल्या, घसा खरवडून "हो... हो... हो!" ओरडले आणि उडी मारली. बिल्डिंगची बहुतेक पोरं तिथे जमली होती. निखिलने थाळी वाजवली, मी काकांसारखं नाचायचा प्रयत्न केला, आणि देवाशप्पथ सांगते, मजा आली! इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. नाचता नाचता बघते तर गार्गी हसत नव्हती, टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्या पायांकडे बघत होती. मी खाली बघितलं. पायात जोडवी, आणि आदल्या दिवशी तिनेच माझ्या नखांना लावलेलं जांभळं नेलपॉलिश.

दाढी लावली, पोट लावलं, आणि पाय विसरले...

गार्गी गुपचूप उठली आणि दाराबाहेर गेली. माझे घुंगरू वाजत राहिले, पण जीव सगळा दाराकडे. शेवटचा खाऊ पोरांच्या हातावर टेकवून मी बाहेर आले, तर दाराशी चपला नाहीत. चपला लपवायचं काम यंदा कुणाला सांगायचंच राहिलं होतं. मी इकडेतिकडे बघते तोवर मीटरच्या पेटीमागून माझी लेक बाहेर आली, दोन्ही चपला छातीशी धरून. आत बघून घेतलं, कुणी ऐकत नाही ना, आणि दबक्या आवाजात म्हणाली, "वरच्या मजल्यावरचा ध्रुव मागून येत होता. त्याने बघितल्या असत्या ना! काका देवाघरी गेले मग त्यांच्या चपला कशा आल्या, म्हणून रडला असता तो."

मी पायरीवर बसले. दाढी जरा खाली ओढली. "तुला... कधी कळलं?" तिने चपला माझ्या पायाशी ठेवल्या, नीट, जोडीने, जशा त्या दिवशी भिंतीला लागून होत्या तशा. "त्या दिवशीच. तू चपलांची थाप मारलीस तेव्हा." मी तिला मिठीत घेतलं, दोन उशांसकट. रडले, अर्थातच रडले. ती मात्र वरच्या मजल्याकडे बघून मला ढोसत होती की उठ, ध्रुवचं घर राहिलंय.

त्या चपला आता आमच्या बेव्हर्ली पार्कच्या दाराशी आहेत. काकींनी परत घेतल्या नाहीत. उजवीचा टाका थोडा सैल झालाय, रोझी आंटींनी उत्तनहून हिरवा दोरा मागवून देते म्हणून सांगितलंय. शाळेतून आली की गार्गी आपले बूट त्यांच्या शेजारी काढते, आणि अधूनमधून त्या जोडीला पायाने सरळ करते. काल बूट काढता काढता मला म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी आधी जोडवी काढ."